सोड, मी करते

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. डोंबिवलीत मी पोळीभाजी केंद्र चालवायचे. हाताखाली बाया, दोन मोठे तवे आणि सकाळी ऑफिसला निघालेल्यांची दारात रांग. तिथे कुणाला गोंजारत शिकवायला वेळ कुठला? एखादीचा हात मंद चालला, पोळी कडेला जाड राहिली, की मी सरळ तिच्या हातातलं लाटणं काढून घ्यायचे. "सोड, मी करते." बिचारी हात पुसत बाजूला व्हायची. त्याच पोळ्यांवर माझा मुलगा इंजिनिअर झाला, त्यामुळे आपल्या पद्धतीत काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही.

यजमान गेले, गुडघे बोलायला लागले, तसं केंद्र बंद केलं. मुलगा म्हणाला, "आता बास झालं आई, इकडे ये." तो अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका कंपनीत आहे आणि घर शेजारच्याच मोहम्मद बिन झायद सिटीत. घरात आम्ही तिघं. तो, मी आणि माझी सून.

सून स्वित्झर्लंडची. मुलगा प्रोजेक्टवर तिकडे गेला होता, तिथेच जमलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "करते काय?" म्हणाला, "टेनिस खेळते." मी म्हटलं, "अरे, ते खेळते ते कळलं, नोकरी काय करते?" तर म्हणे, "आई, तीच नोकरी." मला टीव्हीवरचं टेनिस आठवलं, कप उंच धरलेल्या, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या पोरी. म्हटलं, चला, घरात लक्ष्मी येतेय.

तसं काही नव्हतं. पाचव्या वर्षी तिने रॅकेट धरली. बाविशीत एक उन्हाळा असा आला, की जगातल्या पहिल्या शंभर बायकांत तिचा नंबर होता. हिरवळीवरच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली, पण खेळली. मग मनगट गेलं, मग खांदा, मग गुडघ्याचं ऑपरेशन. नंबर घसरत घसरत कुठच्या कुठे गेला. आमच्याकडे आली तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं आणि ती कुठल्या कुठल्या देशांतल्या हॉटेलांमागच्या कोर्टांवर खेळत होती. एकटी जायची, स्वतःचे कपडे स्वतः बेसिनमध्ये धुवायची आणि हरून परत यायची. घरात दोघींचेही गुडघे खराब, त्यामुळे फ्रीजरमधल्या बर्फाच्या पिशव्या आमच्यात सामायिक होत्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "अगं, तू दर आठवड्याला हरतेस कशी?" ती रागावली नाही. मराठी ती मुलाकडून शिकलेली, त्यामुळे मला 'अगं आई, तू' म्हणते. मंडळातल्या बायकांच्या भुवया वर जातात, पण मी कधी सुधारलं नाही. म्हणाली, "आई, टेनिसमध्ये सगळे हरतात. Every week. फक्त एक नाही हरत." मी म्हटलं, "मग ती एक तू का नाही होत?" यावर ती खो खो हसली. मी विनोद केलेला नव्हता.

खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटायची. इथे मराठी मंडळ आहे, संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, गणपतीत उठायबसायला माणसं असतात. कुणाची सून बँकेत, कुणाची डॉक्टर, कुणाची शाळेत शिकवते. मला विचारलं, की मी "टूरवर असते" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. मागच्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू होतं, ती तेव्हा ट्युनिशियाला. शेजारच्या पुणेकर बाई म्हणाल्या, "मग जिंकली का हो?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या नातीने मोबाईल काढला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "No Aaji, she lost. Six-one, six-two." सगळ्या बायका एकदम वाणाच्या वाट्या बघायला लागल्या. मी आत गेले आणि ढवळलेली कॉफी पुन्हा ढवळत उभी राहिले.

ती घरी असली, की स्वयंपाकघरात घुटमळायची. "आई, मी पोळी?" मी एक-दोनदा दिलंही लाटणं. पण माझ्याच्याने बघवत नाही हो. गोळा एवढा मोठा, पीठ सगळीकडे, तवा तापून लाल. माझे हात शिवशिवायला लागायचे. "सोड, मी करते." ती लगेच सोडायची. कांदा चिरताना सोड, भांडी लावताना सोड, आणि दूध बघत उभी असली तरी सोड. हिची एक गोष्ट मला मनापासून आवडायची, की सांगितलेलं ऐकते, वाद घालत नाही. आमच्या केंद्रातल्या बायासुद्धा एवढ्या चटकन बाजूला होत नसत.

आणि मी काय मनात ठेवणारी बाई नाही. जेवताना चक्क तिच्यासमोर म्हणायचे, "पुरे झालं आता. वय काय, गुडघा काय. घरी राहा, एखादं मूल होऊ दे, नंतर शिकव की पोरांना टेनिस." मुलगा ताटात बघायचा. ती म्हणायची, "थोडं अजून, आई." हे 'थोडं अजून' ती वाढताना भात मागायला शिकली होती, तेच इथे वापरायची.

यंदाच्या थंडीत ती टेबलावर सगळ्यांसमोर बोलली. ऑपरेशनमुळे बराच काळ खेळता आलं नाही, तर खेळाडूला आपला जुना नंबर मोजक्या स्पर्धांपुरता वापरायला देतात. तिच्या त्या स्पर्धा संपत आल्या होत्या आणि दुबईची ही शेवटची. तिथे आधीच्या फेऱ्या जिंकून मुख्य स्पर्धेत शिरली, तर आणखी एक वर्ष खेळता येईल. "नाही जिंकली, तर खलास," ती म्हणाली आणि हात झटकले. मी वरकरणी "बघू, बघू" म्हटलं. आतून मला बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू.

तिची मॅच बघायला मी कधीच गेले नव्हते. यंदा गेले ती बायकांमुळे. पुणेकर बाईंनी कुठून तरी ऐकलं आणि ग्रुपवर टाकलं, "आपल्या सुनेची मॅच आणि आपण घरी बसायचं?" झालं. सुट्टीचा दिवस, दोन गाड्या भरल्या. एकीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या, दुसरीने थर्मासभर चहा. मुलगा आणि सून सकाळी लवकरच पुढे गेले होते. आम्ही निघालो, अंताक्षरी खेळत जबल अली ओलांडलं. मी आपली तोंड मिटून बसले होते. पोरगी हरणार, तीही या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तिथून घरापर्यंत मला यांच्यात बसून यायचंय, हेच डोक्यात.

कोर्टावर गेलो तर प्रेक्षक म्हणून आम्हीच. समोरच्या मुलीचा कोच, तिची आई आणि हातात कॉफी घेतलेले दोन-तीन गोरे. मुलगा वरच्या पायरीवर एकटा बसला होता, आमची वरात बघून त्याचा चेहरा पडला. "आई, प्लीज, मध्ये बोलू नका हां कुणी." कसलं काय! सुनेने सर्व्हिस केली, ती जाळीत गेली, दुसरीही जाळीत गेली, आणि आमच्या बायकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पॉइंट मिळाला. खुर्चीवरच्या पंचाने मान वळवून बघितलं. मग पुऱ्यांचा डबा उघडला, त्याचं झाकण घरंगळत खाली गेलं. पंच म्हणाला, "Quiet, please." पुणेकर बाई मला म्हणाल्या, "आपल्यालाच म्हणतोय का हो?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पदर सावरून त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब, कोर्टाच्या कडेला, पार मागच्या रेषेजवळ जाऊन बसले.

तिथून मी तिला पहिल्यांदा बघितलं. म्हणजे घरात रोज बघत होतेच, पण असं नाही. अहो, माझ्या घरात जिच्या हातून कढईचा कान सुटतो, ती ही बाई? पाय कसे, क्षणभर जागेवर नाहीत. चेंडू हातात आला की ठराविक वेळा आपटायची, कपाळावरचा घाम दंडाने पुसायची, स्वतःशीच तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची आणि मग मारायची. चुकला तर तोंड वाकडं नाही, रॅकेट आपटणं नाही, परत जागेवर. समोरची मुलगी निम्म्या वयाची, धडाधड मारणारी. आणि ही तिला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत होती. मला सकाळचं केंद्र आठवलं. रांग दाराबाहेर गेलेली असायची तेव्हा माझे हात असेच चालायचे, डोकं बंद आणि हात चालू. मला कुणी सांगायची गरज नव्हती, की हे काम आहे, आणि ते करणारी कामाला पक्की आहे. मी एवढी वर्षं हिची लाज बाळगली, आणि हिचं काम काय ते बघायलासुद्धा आले नव्हते.

पहिला सेट हरली, दुसरा जिंकली. तोपर्यंत गार वारा सुटला, बायका कंटाळल्या आणि मॉलला जाऊन येतो म्हणाल्या. पुणेकर बाई तेवढ्या राहिल्या. मला हिशोब कळत नव्हता, पण मुलाच्या तोंडाकडे बघून कळायचं, आता वर आहे, आता खाली आहे. तिसऱ्यात तर जीव टांगणीला लागला. मी पुटपुटत होते, "बाप्पा, एवढी एक दे तिला. एवढी एकच दे." जिने रोज जेवताना 'पुरे झालं' म्हटलं, तीच मी. त्या दिवशी माझ्याइतकं तिच्या बाजूने त्या कोर्टावर कुणी नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. पण माणसांसमोर सांगून कोण ऐकणार?

शेवटी शेवटी मुलगा उठून उभाच राहिला. समोरच्या मुलीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता, हिने तो दिला नाही. पुन्हा तेच, पुन्हा दिला नाही. सून माझ्याच बाजूला खेळत होती, एवढी जवळ की तिचा श्वास ऐकू यायचा. समोरच्या मुलीने चेंडू उंच उडवला. सून मागे धावली, माझ्या दिशेने, रॅकेट वर उचललेली. मी मागच्या रेषेच्या कडेलाच बसलेली, मला चेंडू स्पष्ट दिसत होता. रेषेच्या बाहेर जाणार, शंभर टक्के बाहेर. हिने उगाच हात लावला तर जिंकलेला पॉइंट घालवणार. आणि मी ओरडले,

"सोड!"

रॅकेट थांबली. वर उचललेला हात तसाच वर राहिला. चेंडू तिच्या पाठीमागे पडला, रेषेवर.

पंचाने काहीतरी म्हटलं. समोरची मुलगी गुडघ्यावर बसली आणि तिची आई रडायला लागली. एवढं झाल्यावर मला कळलं, की मॅच संपली. सून जाळीपाशी गेली, त्या मुलीशी हात मिळवला, तिच्या पाठीवर थोपटलं. मग बॅग भरायला बसली. एक एक रॅकेट पुसून आत ठेवत होती. पुणेकर बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात ना हो आत्ता?" सगळ्या कोर्टात तेवढाच आवाज. मी हो म्हणायच्या आधी त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, तिला कुठे ऐकू गेलं असेल." मुलगा वरून खाली आला, माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून गेला.

परतताना मी मुलाच्या गाडीत बसले, मला बायकांच्यात जायचं नव्हतं. सून मागच्या सीटवर गुडघ्यावर बर्फ ठेवून झोपली. उजवीकडे जबल अलीच्या क्रेन दिसायला लागल्या. मग मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "आई, एक विचारू? मुद्दाम केलंस?"

एरवी असं कुणी बोललं असतं, तर मी गाडी थांबवायला लावली असती. माझ्या पोराने, ज्याच्यासाठी मी हात भाजून घेतले, त्याने हे विचारावं! राग अगदी तोंडापर्यंत आला. पण तिथेच अडकला. त्याला असं वाटावं एवढं मी बोलून ठेवलेलं होतंच ना. त्याच टेबलावर, त्याच्याच समोर, रोज. मी म्हटलं, "मला बाहेर वाटला रे." तो म्हणाला, "बरं." पुढे त्याने रेडिओ लावला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतरचे दिवस मी घरात चोरासारखी वावरले. ती मात्र शांत होती. रॅकेटांची बॅग कपाटावर टाकली. सकाळी उशिरा उठायची, कॉफी घेऊन बाहेर उन्हात बसायची. मुलाशी बोलताना हसायचीसुद्धा. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, सून घरी होती. मंडळाच्या ग्रुपवर पुणेकर बाईंनी टाकलं, "Well played!! अभिमान आहे." खाली हात जोडलेली चित्रं. मी मोबाईल पालथा ठेवला.

मी तिला म्हटलं, "अगं, दुसरीकडे कुठे असेल ना एखादी स्पर्धा? इजिप्तला? तू जायचीस ना? मी येते बरोबर, तुझे कपडे मी धुते." तिने मान हलवली. "नाही आई. संपलं." तिला रडू आलं असतं, तर बरं झालं असतं. मला समजूत घालता येते, डबा भरून देता येतो. पण ही एवढं बोलून केस विंचरायला लागली.

काल सकाळी ती स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. "आई, आता वेळ आहे. शिकव." मी लाटणं दिलं, बाजूला झाले आणि ठरवलं, की आज काही झालं तरी बोलायचं नाही. ती गोळा करत होती. मला राहवलं नाही, वेगळ्याच गोष्टीसाठी राहवलं नाही. मी विचारलं, "अगं, त्या दिवशी तुला माझा आवाज ऐकू आला होता का?"

"हो," ती म्हणाली.

"मला तो बाहेर वाटला गं. अगदी देवाशपथ बाहेर वाटला."

"मला माहीत आहे."

"तुलाही बाहेर वाटला असेल ना? म्हणून सोडलास ना?" माझा स्वर कसा झाला होता ते मलाच ऐकवत नव्हतं. एका 'हो'साठी मी तिच्यापुढे पदर पसरून उभी होते.

तिने क्षणभर विचार केला. खोटं कसं बोलायचं ते तिला मराठीत अजून येत नाही, इतर भाषांत येत असेल तर ठाऊक नाही. म्हणाली, "नाही. मला आत दिसला. रेषेवर दिसला."

"मग?"

"तू म्हणालीस, सोड."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. गॅस का बंद केलास, तर तू सांगितलंस म्हणून, इतकं सरळ. एकोणतीस वर्षं जिने चेंडू बघण्यात घालवली, तिने माझ्या एका शब्दावर आपला हात थांबवला होता. माझ्या घरात तिला दुसरी कुठली सवय मी लावलेलीच नव्हती.

ती लाटायला लागली. पोळी एका बाजूला जाड होत होती, पीठ ओट्याखाली सांडत होतं, तवा धुरायला लागला होता. मी हात मागे घट्ट धरून ठेवले, ओठ मिटून घेतले. फक्त एक पाऊल पुढे टाकलं, तेही तवा खाली उतरवायला.

मी काही बोलले नव्हते. तिने लाटणं आधीच खाली ठेवलं होतं आणि हात पुसत बाजूला झाली होती.